मामांच्या बीएसएला ऑइल कोणतं? आधी क्रँक, मग डबा

प्रश्न : माझ्या मामांची १९६० सालची बीएसए ए१० (६५० सीसी, ट्विन) आता माझ्याकडे आली आहे. आठेक वर्षं ती उभीच होती. उभी करण्याआधी मामांनी तिचं ‘हाफ इंजिन’ करून घेतलं होतं, एवढं मामींना आठवतं. आता ऑइल बदलायचं म्हटलं तर जितकी तोंडं तितके सल्ले. मिस्त्री म्हणतात, जुन्या गाडीला सिंगल ग्रेड ४०च घाला, दुसरं काही ओतू नका. मित्र म्हणतो, फुल सिंथेटिक १०डब्ल्यू-४० टाक आणि विसरून जा. ओळखीचे एक गृहस्थ ‘झिंक, झिंक’ करत मागे लागलेत. पुस्तिकेत दिलेल्या नावांची तेलं आता कुठेच मिळत नाहीत. मामांच्या कपाटात रेसिंग ऑइलचा एक सीलबंद डबा सापडलाय, त्यावर मोठं ‘आर’ आहे. तो वापरू का? आणखी एक, गाडीखाली फारसं गळलेलं दिसत नाही, तरी टाकीत ऑइल जवळजवळ नाहीच. गेलं कुठे? – एक नवखा मालक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात निकडीचा आहे, म्हणून तो आधी घेतो. टाकीतलं ऑइल कुठेही गेलेलं नाही, ते इंजिनच्या पोटात आहे. त्यामुळे कृपा करून टाकी वरपर्यंत भरून किक मारायला जाऊ नका.

तुमची गाडी ‘ड्राय संप’ जातीची आहे. ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही, बाजूच्या वेगळ्या टाकीत राहतं. पंपाचा एक भाग ते टाकीतून ओढून इंजिनला देतो आणि दुसरा भाग क्रँककेसच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक जिथे असतो, त्या इंजिनच्या खालच्या पेटीच्या) तळाशी जमलेलं ऑइल उपसून परत टाकीत टाकतो. गाडी चालू असताना हे चक्र उत्तम चालतं. गाडी उभी राहिली की टाकी वर, पंप खाली. पंपाच्या दातांमधल्या फटीतून आणि नीट न बसणाऱ्या बॉल व्हॉल्व्हमधून ऑइल थेंबाथेंबाने क्रँककेसमध्ये झिरपत राहतं. चांगल्या स्थितीतल्या गाडीलाही यासाठी काही आठवडे पुरतात, तुम्ही तर आठ वर्षं म्हणताय. अशा वेळी ‘ऑइल कमी झालंय’ म्हणून टाकी भरली की इंजिनमध्ये दुप्पट ऑइल होतं. मग किक जड लागते, गाडी सुरू झालीच तर निळ्या धुराचा लोट उठतो, आणि ब्रीदरमधून (आतली हवा सोडणारी नळी), प्रायमरी चेनकेसमधून (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीची पेटी), जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर पडतं. नव्या मालकाला वाटतं की रिंगा गेल्या. गेलेलं काहीच नसतं.

तेव्हा क्रँककेसच्या तळाशी चार नटांनी बसवलेली प्लेट काढा. तिच्यावर तारेची जाळी असते, ती जपून उतरवा. ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये किंवा पसरट भांड्यात पडू द्या आणि लगेच फेकू नका. दोन बोटांत थोडं घेऊन चोळा आणि उजेडात तिरपं धरून बघा. काळं असेल तर काळजी नाही, ते काळं व्हायलाच हवं. दुधाळ, करडट-पिवळं असेल तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरची नीडल गळते आहे. बोटांवर चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक राहिली, तर कुठल्या तरी बेअरिंगचा किंवा बुशचा धातू झिजून तेलात आलाय. ट्रेच्या तळाशी चुंबक फिरवा. त्याला चिकटतं ते पोलाद, न चिकटणारी चमक बेअरिंगची किंवा ॲल्युमिनियमची. जाळीत काळे, मऊ, मेणासारखे तुकडे अडकले असतील तर ते वेगळे काढून ठेवा. पुढचं सगळं उत्तर त्या तुकड्यांभोवतीच फिरणार आहे.

आता ‘हाफ इंजिन’कडे वळू. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवलं, सिलिंडर उतरवला, बोर केलं, पिस्टन-रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह बसवले आणि वरून बंद केलं. क्रँक जागेवरून हललेलासुद्धा नसतो. बऱ्याच गाड्यांना तेवढं पुरतं. ए१० ला पुरत नाही, आणि मिस्त्री, मित्र, झिंकवाले गृहस्थ या तिघांपैकी कुणीही तुम्हाला ‘क्रँक कधी उघडला होता?’ हे विचारलेलं नाही.

या इंजिनात कागदाचा किंवा कापडाचा फिल्टर कंपनीने दिलेलाच नाही. टाकीत एक जाळी आणि तळाशी एक जाळी, बस. बारीक काजळी आणि धातूची पूड जाळीतून आरामात निघून जाते. त्यावर त्या काळच्या इंजिनिअरांनी उपाय काढला होता. क्रँकच्या आत पोकळी ठेवली आणि तिची तोंडं स्क्रूच्या प्लगांनी बंद केली. बिग एंडकडे, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो त्या बेअरिंगकडे, जाणारं ऑइल या पोकळीतून जातं. क्रँक मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत असल्यामुळे तेलातली जड घाण बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि पोकळीच्या भिंतीला चिकटून राहते. हाच स्लज ट्रॅप. कल्पना झकास आहे, पण ही पोकळी आपोआप रिकामी होत नाही. क्रँक बाहेर काढून, प्लग उघडून ती खरवडून साफ करावी लागते. पुष्कळ वर्षं न उघडलेल्या क्रँकमधून निघणारा गाळ स्क्रूड्रायव्हरने टोकरावा लागतो, इतका तो घट्ट झालेला असतो. पोकळी पूर्ण भरली की पुढे बिग एंडला ऑइल पोचत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. जुन्या ब्रिटिश ट्विन गाड्यांचे असे फुटलेले क्रँककेस बऱ्याच गॅरेजांत कोपऱ्यात पडलेले दिसतात.

तुमच्या मिस्त्रींच्या ‘सिंगल ग्रेडच घाला’ या सल्ल्याचं मूळ इथे आहे. ते चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलताहेत. आजच्या जवळपास सगळ्या इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतात. डिटर्जंट धातूवर थर साचू देत नाही. डिस्पर्संट काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, तेलातच तरंगत ठेवतं, म्हणजे ऑइल बदलताना ती घाण तेलाबरोबर निघून जाते. जुन्या बिनडिटर्जंट तेलात हे होत नसे. घाण खाली बसे, स्लज ट्रॅपमध्ये जमे. आता पन्नास-साठ वर्षं साचलेल्या गाळावर एकदम डिटर्जंट ऑइल सोडलं तर तो एका दिवसात विरघळत नाही. तो हळूहळू मऊ होतो, कडा सुटतात, आणि एखादा तुकडा सुटून नेमका बिग एंडच्या तेलाच्या भोकात जाऊन बसू शकतो. म्हणून जुनी माणसं डिटर्जंटला घाबरतात, आणि ती भीती न उघडलेल्या इंजिनापुरती रास्त आहे.

पण यात एक गफलत सर्रास होते. सिंगल ग्रेड म्हणजे बिनडिटर्जंट असं नाही. डब्यावर नुसतं ‘४०’ लिहिलेलं पुष्कळसं ऑइल ट्रक-जनरेटरच्या डिझेल इंजिनांसाठी केलेलं असतं आणि त्यात डिटर्जंट भरपूर असतं. डब्याच्या मागे एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) वर्गवारी बघा. एसए, एसबी असेल तर ते खरोखरच जुन्या धाटणीचं, जवळजवळ बिनडिटर्जंट. सीएफ, सीएफ-४ असं ‘सी’ने सुरू होणारं अक्षर दिसलं तर ते डिझेलचं, डिटर्जंटवालं. म्हणजे मिस्त्रींच्या सांगण्यावरून तुम्ही ४० नंबर आणाल आणि ज्याची भीती तेच ओताल, हे सहज घडू शकतं. विंटेज गाड्यांसाठी मुद्दाम कमी डिटर्जंटची तेलंही बनतात, त्यांच्या डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. क्रँक उघडल्याचा खात्रीशीर पुरावा मिळत नाही तोवर ही गाडी रस्त्यावर काढू नका, कुठलंही ऑइल घालून नाही. इंजिन पूर्ण खोला, स्लज ट्रॅप साफ करा, ऑइलची सगळी भोकं हवा मारून मोकळी करा. खर्चिक काम आहे, मान्य. पण गाळाने भरलेल्या क्रँकवर तेलाचा ब्रँड बदलून उपाय होत नाही. क्रँक बाहेर आहे तोवर टायमिंगच्या बाजूचा मेन बुशही (क्रँकच्या त्या टोकाला आधार देणारी धातूची बाही) मोजून घ्या. ए१० मध्ये त्या बाजूला बॉल किंवा रोलर बेअरिंग नाही, साधा बुश आहे, आणि पंपाचं ऑइल त्या बुशमधूनच क्रँकमध्ये शिरतं. बुश सैल झाला की दाबाचं ऑइल त्याच्याच फटीतून खाली पडतं आणि बिग एंडपर्यंत जेमतेम पोचतं. अशा इंजिनात जाड ऑइल घातलं की काही दिवस आवाज दबतो आणि मालक खूश होतो. विकायला काढलेल्या गाडीत ६० नंबरचं ऑइल का असतं, हे यावरून ओळखा.

क्रँक साफ झाला की बिनडिटर्जंट तेलाचं काही कारणच उरत नाही. मग डिटर्जंटवालं ऑइल केव्हाही बरं. परतीच्या नळीवर एक छोटा फिल्टर बसवून घ्या, बरेच ए१०वाले बसवतात. पुरवठ्याच्या नळीवर मात्र कधीही नको, कारण तिथला फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडं पडेल. परतीच्या बाजूला बसवला की डिस्पर्संटने तरंगत ठेवलेली घाण तिथे अडकते, आणि १९६० मध्ये या इंजिनाला जे मिळालं नव्हतं ते मिळतं.

आता जाडीचा प्रश्न. पुस्तिकेतल्या तेलांची नावं गेली तरी त्यांचे एसएई नंबर (तेलाच्या जाडीचे ठरलेले आकडे) गेलेले नाहीत. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना गरम हवेत ४० किंवा ५० आणि थंडीत ३० अशी शिफारस असे. हे नंबर म्हणजे १०० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहतं याचं माप, आणि ते सेंटिस्टोक या एककात मोजतात. ३० नंबर म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. मल्टिग्रेड सर्रास मिळत नव्हतं तेव्हा ऋतूप्रमाणे डबा बदलावा लागे. २०डब्ल्यू-५० तेच काम एका डब्यात करतं. थंडीत सुरू करताना ते २०डब्ल्यूच्या मर्यादेत राहतं, तापल्यावर ५० च्या.

‘मल्टिग्रेड गरम झालं की घट्ट होतं’ असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. तसं काही होत नाही. गरम झालं की प्रत्येक तेल पातळच होतं, मल्टिग्रेड जरा कमी होतं, इतकंच. साधारण २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांना दीडशेच्या वर सेंटिस्टोक असतं आणि १०० अंशांना सतरा-अठरावर येतं. हा उतार कमी करण्यासाठी त्यात लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरच्या दातांत ही साखळी चिरडली जाते आणि तेल हळूहळू पातळ पडतं. तुमचा गिअरबॉक्स वेगळा असल्यामुळे हा त्रास तुम्हाला कमी. थोडक्यात, ए१० साठी २०डब्ल्यू-५० मिनरल. हवा कायम थंड असेल तर १५डब्ल्यू-४० चालेल, उष्ण हवेत मात्र ५० खालीच उतरू नका. सिंगल ग्रेड ४० घालायचंच म्हणाल तर हवा फार उष्ण नसताना तेही वाईट नाही, फक्त गार सकाळी किक मारल्यावर पहिली काही मिनिटं इंजिन रेटू नका, कारण घट्ट तेल बारीक भोकांतून पोचायला वेळ घेतं.

सिंथेटिक ओतलं म्हणून इंजिन बिघडणार नाही. मित्राची गफलत सिंथेटिकमध्ये नाही, १०डब्ल्यू-४० मध्ये आहे. साध्या बुशच्या, त्या काळच्या सैल मापांच्या इंजिनात तापल्यावर ते तेल पातळ पडतं, दाब उतरतो, गळती वाढते, आणि टाकीतून क्रँककेसमध्ये झिरपणंही वाढतं. सिंथेटिकचा खरा फायदा म्हणजे ते जास्त उष्णता सोसतं आणि फार काळ टिकतं. तुमच्या गाडीला या दुसऱ्या गुणाचा उपयोग शून्य, कारण तिचं ऑइल झिजण्याच्या कितीतरी आधी घाण होतं आणि बदलावंच लागतं. ‘सिंथेटिकने सील फुटतात’ ही जुनी भीती आता फारशी खरी नाही. मात्र तुमच्या इंजिनात आधुनिक सील मोजकेच आहेत, बाकी कागद, कॉर्क आणि दोन धातूंचे पृष्ठभाग यांच्यावरच सगळी मदार. तिथून पातळ तेल वाट काढणारच.

झिंकबद्दल. त्या गृहस्थांचा मुद्दा मुळात बरोबर आहे. तुमच्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) थेट टॅपेटच्या (त्याची ढकल पुढे नेणाऱ्या भागाच्या) तळव्यावर घासत फिरतो, मध्ये रोलर नाही. तिथे दाब इतका असतो की तेलाचा थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. झेडडीडीपी नावाचं झिंक-फॉस्फरसचं संयुग त्या जागी पातळ संरक्षक पापुद्रा धरतं. मोटारींच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस मारक असल्यामुळे तो टप्प्याटप्प्याने कमी केला गेला. २००४ च्या एसएम वर्गवारीपासून ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडमध्ये तो ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही. जाड ग्रेडला ही मर्यादा नाही, हे मात्र झिंकवाले सांगायचं विसरतात. मोटारसायकलसाठीच्या जासो एमए (हे जपानी मानक आहे) तेलात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावाच लागतो. तेव्हा डब्यावर २०डब्ल्यू-५०, एपीआय एसजी ते एसएल यांपैकी काहीही आणि जासो एमए असेल तर तुम्हाला पुरेसं झिंक मिळालं. एसजी १९८९ च्या आसपासची वर्गवारी आहे, म्हणजे ती तुमच्या गाडीहून जवळजवळ तीस वर्षांनी तरुण आणि मामांनी पहिल्यांदा ओतलेल्या तेलाहून कितीतरी सरस. शिवाय या इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा मोठ्या मोटारींच्या मानाने हलक्या आहेत. वेगळ्या बाटलीतून झिंक घालायची गरज नाही. प्रमाणाबाहेर झालं तर उलट धातूच खातं. नवा कॅम किंवा नवे टॅपेट बसवले तर बांधताना त्यांना असेंब्ली ल्युब (जोडणीच्या वेळी लावायचं वंगण) मात्र आठवणीने लावायला सांगा.

मामांचा ‘आर’चा डबा. ते एरंडेलावर आधारलेलं रेसिंग ऑइल असणार. त्याचा थर धातूला घट्ट धरतो, म्हणून शर्यतवाले ते वापरत आणि शर्यत संपली की लगेच काढून टाकत. रोजच्या गाडीत ते राहिलं की चिकट, लाखेसारखा पिवळसर थर धरतं आणि रिंगा अडकवतं. मिनरल तेलात ते मिसळत नाही. म्हणून ते इंजिनात नको, टॉपअपलासुद्धा नको. पण हा डबा माझ्या मनात वेगळीच शंका उभी करतो. मामा तेच तर वापरत नव्हते ना? टाकीच्या आतून बोट फिरवून बघा. चिकट, मधाच्या रंगाचा थर लागला आणि पेट्रोलने पुसूनही सहज निघेना, तर समजा की वापरत होते. मग टाकी, नळ्या, पंप, सगळं उघडून साफ केल्याशिवाय मिनरल घालायचं नाही. इंजिन खोलायला हे आणखी एक कारण.

प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्सचं तेल इंजिनापासून वेगळं आहे, तिथे एकच डबा सगळीकडे ओतू नका. चेनकेसमध्ये क्लच तेलात बुडतो, म्हणून तिथे पातळ आणि घर्षण कमी करणारी रसायनं नसलेलं ऑइल हवं. १०डब्ल्यू-४० जासो एमए छान. काहीजण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड घालतात, तेही चालतं. मित्राने १०डब्ल्यू-४० आणलंच असेल तर ते इथे कामी येईल. गिअरबॉक्सला पूर्वी ५० नंबरचं इंजिन ऑइलच घालत. आता ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. ९० वाचून दचकू नका, गिअर ऑइलची मापपट्टी वेगळी आहे, प्रत्यक्षात ते इंजिनच्या ४०-५० इतकंच जाड असतं. मात्र डब्यावर जीएल-४ ही गिअर ऑइलची वर्गवारी बघून घ्या. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं गिअरबॉक्समधल्या ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. तुमच्या जुन्या जपानी गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात असतील, तर जासो एमए किंवा एमए२ ही तिथे सक्तीच समजा, ग्रेड पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक १०डब्ल्यू-४०. मोटारीचं इंधन वाचवणारं पातळ ऑइल त्यात घातलं की क्लच घसरायला लागतो. टू-स्ट्रोकवाल्यांचा विषयच निराळा आहे, त्यांनी वरचं काहीही लावून घेऊ नये.

कोणतं ऑइल घातलं यापेक्षा ते किती वेळा बदललं यावर ए१० चं आयुष्य जास्त अवलंबून असतं. फिल्टर नसेल तर दीड-दोन हजार किलोमीटरला, फिल्टर बसवला तर अडीच-तीन हजारांना, आणि गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा. नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल काहीशे किलोमीटरच्या आतच काढा. कमी चालणाऱ्या गाड्यांचं ऑइल लवकर खराब होतं, हे लोकांना पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी रिंगांमधून खाली उतरते. इंजिन नीट तापलं तर तीही उडून जाते. दर रविवारी फक्त पाच मिनिटं ‘बॅटरीसाठी, इंजिनासाठी’ म्हणून गाडी सुरू करून बंद केली, तर तेच पाणी आत थंड होऊन बसतं, तेलात आम्ल तयार होतं आणि बेअरिंग पोखरतं. चालवायची तर अर्धा तास फिरवून आणा, नाहीतर सुरूच करू नका. आणि पुन्हा दीर्घकाळ उभी ठेवायची वेळ आली तर उभी करण्याआधी ऑइल बदला, नंतर नव्हे.

इंजिन बांधून झालं, नवं २०डब्ल्यू-५० टाकीत भरलं, की लगेच सुरू करायची घाई करू नका. दोन्ही स्पार्क प्लग काढा आणि किक मारत राहा, टाकीचं झाकण उघडून आत बघत. आधी क्रँककेसमध्ये थोडं ऑइल जमावं लागतं, म्हणून थोडा दम धरा. परतीच्या नळीच्या तोंडातून ऑइलची पिचकारी दिसली की प्लग लावा आणि गाडी सुरू करा. सुरू झाल्यावर ती पिचकारी अखंड नसेल, मध्येमध्ये बुडबुडे आणि हवा येईल. उपसणारा पंप पुरवणाऱ्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे असंच व्हायला हवं. टाकीतली पातळी गाडी चार-पाच मिनिटं चालल्यावरच बघायची, उभ्या गाडीवर कधीच नाही. आणि गाडी सुरू होऊन मिनिटभरात नळीतून काहीच येत नसेल, तर इग्निशन बंद करा आणि पंपाकडे जाणारी नळी हवा धरून बसली आहे का ते आधी बघा.